दिवाण देवडीतला एकटा धनी

हैदराबादेतील जुन्या मराठी घरांतून पत्र्याचा एक तरी मोठा डबा असा असावयाचा की, ज्याचा मूळचा धनी कोण आणि त्यात प्रथम काय आले होते, हे कुणालाच आठवत नाही. आमच्या शालीबंड्याच्या घरी असा एक डबा होता. दिवाळी आठ दिवसांवर आली की आई नानखटाईचे पीठ मळी, गोळे वळून पत्र्यांवर मांडी, आणि ते पत्रे डोक्यावर घेऊन मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भट्टीवर भाजावयास नेई. भाजून आलेली नानखटाई त्या डब्यात जाई. तुळशीचे लग्न होईतो डबा रिकामा होई, आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत तो वडिलांच्या ताब्यात असे.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. नाना दरबारी गवई. वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे १९४४ साली, आपल्या गुरूंच्या मागे तंबोरा धरून ते दरबारी चाकरीत शिरले. चार वर्षांत दरबारच उरला नाही. त्यांना मी फार उशिरा झालो. त्यामुळे दरबाराचा थाट मी पाहिला तो फक्त त्या डब्यात. जवारीच्या रेशमी दोऱ्यांची गुंडी, तंबोऱ्याची एक फुटकी घोडी, अत्तराच्या रिकाम्या कुप्या, बिदरी कामाचे एकच बटण, चार हाली सिक्के आणि सोनेरी अक्षरांत छापलेले एका मैफलीचे आमंत्रण. डब्याचे झाकण उघडले की नानखटाईचा तुपकट वास आणि अत्तराचा वास असे दोन्ही एकदम येत. नाना एकेक वस्तू काढीत, धोतराच्या सोग्याने पुसीत आणि पुन्हा होती तशी ठेवीत. एवढेच. पण त्या अर्ध्या तासात त्यांचा चेहरा एखादा राग नीट जमून आल्यासारखा दिसे.

हैदराबादेत जन्मलेल्या माणसास अशा वेळी एकच नाव आठवावे हे साहजिक आहे. नानांनाही आठवे. नवाब मीर यूसुफ अली खान, म्हणजे आपण ज्यांना तिसरे सालारजंग म्हणून ओळखतो ते. दोघांची तुलना करणे हास्यास्पद आहे हे नानाही जाणून होते. एकाचा एक डबा, दुसऱ्याची चाळीस हजारांवर वस्तूंची देवडी. पण दर वर्षी शाळेच्या सुट्टीत ते मला सालारजंग संग्रहालयात घेऊन जात, आणि जाताना वाटेत त्या माणसाची हकीकत सांगत. त्या हकीकतीतले काही पुढे मी पडताळून पाहिले, काही गाळले. उरले ते येथे सांगतो.

पुण्यात जन्मलेला नवाब

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस हे ठाऊक नसेल की, हैदराबादच्या या नवाबाचा जन्म हैदराबादेत झालेला नाही. तो झाला पुण्यात, १३ जून १८८९ रोजी. वडील मीर लायक अली खान, म्हणजे दुसरे सालारजंग, हे १८८४ ते १८८७ अशी तीन वर्षे निजामाचे दिवाण होते आणि मुलाच्या जन्माच्या वेळी त्या पदावरून उतरलेले होते. मूल महिन्याचे होण्याच्या आतच ते वारले. ऐन तारुण्यात वारले. बापाचा चेहरा ज्यास आठवणे शक्यच नाही, असा हा वारस होता.

वारसा मात्र लहान नव्हता. आजोबा मीर तुराब अली खान, पहिले सालारजंग, १८५३ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी दिवाण झाले आणि १८८३ साली मरेपर्यंत, तीस वर्षे, त्या गादीवर होते. राज्याची महसूल व्यवस्था त्यांनी घालून दिली, जिल्हे पाडले, त्या कारभारातच कितीतरी मराठी कारकून, पेशकार, वकील या शहरात येऊन स्थिरावले. आज ज्यांना आपण येथली जुनी घराणी म्हणतो, त्यांतल्या काहींच्या बस्तानाचा धागा या कारभारापर्यंत नेऊन पोहोचविता येतो. घराण्याच्या जहागिरीचा विस्तार जवळजवळ दीड हजार चौरस मैल, तीनशेहून अधिक गावे. तेलंगणात कोसगी आणि दुंडीगल, कर्नाटकात कोप्पळ आणि यलबुर्गा, आणि आपल्या मराठवाड्यात अजिंठा.

हे सारे त्या तान्ह्या मुलाच्या नावे झाले. त्याच्या सज्ञान होईपर्यंत जहागिरीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची देखरेख राहिली. मुलगा वाढला तो दिवाण देवडीत. मुसी नदीच्या दक्षिण तीरावर, चारमिनारपासून हाकेच्या अंतरावर असलेला हा वाड्यांचा, दिवाणखान्यांचा, चौकांचा आणि बागांचा पसारा होता. त्या पसाऱ्यात आजोबांनी आणून ठेवलेल्या वस्तू होत्या, आणि त्यांत एक होती ती आज साऱ्या शहराची आवडती आहे. १८७६ साली पहिले सालारजंग युरोपात गेले असता रोम येथे त्यांनी जोव्हान्नी बेंझोनी या शिल्पकाराची बुरख्यातील रिबेका विकत घेतली. दगडाचाच चेहरा, दगडाचाच बुरखा, आणि तरी बुरख्याआडचा चेहरा दिसतो. बापाचा चेहरा कधी न पाहिलेल्या मुलाने लहानपणी त्या झाकलेल्या चेहऱ्यासमोर किती वेळ काढला असेल, हे कोण सांगणार? मी फक्त एवढेच म्हणतो की, संग्रहाची गोडी कोणाच्याही अंगी आपोआप येत नाही. घरात आधीपासून ठेवलेल्या एखाद्या वस्तूपासून ती सुरू होते.

दोन वर्षांची दिवाणगिरी

१९११ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान गादीवर आले. पुढल्याच वर्षी त्यांनी महाराजा किशनप्रसाद यांस दूर करून तेवीस वर्षांच्या यूसुफ अली खानांस दिवाण केले. आजोबा चोविसाव्या वर्षी दिवाण झाले होते, नातू त्याहूनही एक वर्ष आधी झाला. शहरास वाटले की पुन्हा तीस वर्षांचे युग सुरू झाले.

ते युग सव्वादोन वर्षे टिकले. १९१४ च्या नोव्हेंबरात ते पदावरून दूर झाले, आणि निजामांनी कारभार स्वतःच्याच हाती घेतला. पंचविशीत माणूस रिकामा झाला. पंचविशीतल्या माणसापुढे उरलेले आयुष्य असते. या माणसापुढे ते पस्तीस वर्षे पडले होते. पैसा अमाप, घराण्याचे नाव मोठे, काम काही नाही, लग्न केलेले नाही. आपल्या शहराने अशा स्थितीतले सरदार पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांतले बहुतेक कशात बुडाले तेही आपण जाणतो. हा मनुष्य वस्तूंत बुडाला.

मला या ठिकाणी नेहमी नानांची आठवण होते. दरबार संपला तेव्हा नाना वीस वर्षांचे होते. त्यांनी काचीगुड्यात, सुलतान बाजारात, इसामिया बाजारात मराठी घरांतल्या मुलींना गाणे शिकवावयास सुरुवात केली. पुढे रेडिओवर गायले. सायकलवरून हिंडून संसार केला. त्यांना रिकामे राहण्याची चैन नव्हती. पण हातातले गेलेले काहीतरी कुठेतरी सांभाळून ठेवले पाहिजे, ही ओढ त्यांच्यात होती, आणि त्या ओढीला श्रीमंत-गरीब असा भेद नसतो.

देवडीतला बाजार

सालारजंगांनी पुढील पस्तीस वर्षे जे केले, ते व्यापाऱ्यांना फार लवकर कळले. युरोपातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानदारांच्या याद्या त्यांच्याकडे येत. ते स्वतः युरोपात आणि मध्यपूर्वेत हिंडले. आणि एकदा का बातमी पसरली की हैदराबादेत एक नवाब आहे, तो वस्तू पाहतो आणि घेतो, तेव्हा विकणारेच देवडीच्या दाराशी येऊ लागले. पेटारे येत, गोणपाटे सुटत, गवतात गुंडाळलेल्या वस्तू बाहेर निघत.

त्यांत काय नव्हते? जहांगीर बादशहाची म्हणून ओळखली जाणारी रत्नजडित सुरी आहे. नूरजहानचे म्हणून दाखविले जाणारे संगयशबाचे एक हत्यार आहे. ग्रंथ ठेवावयाची, शमसुद्दीन अल्तमशचे नाव कोरलेली संगयशबाचीच एक रेहल आहे. फ्रान्सच्या सोळाव्या लुईने टिपूस धाडल्या म्हणून सांगतात त्या हस्तिदंती खुर्च्या आहेत. बगदादचा याकूत अल् मुस्तासिमी याच्या हातचे कुराण आहे, त्यावर मोगल बादशहांच्या मोहोरा आहेत. एकाच लाकडातून कोरलेला एक पुतळा असा की, समोरून पाहावा तर ताठ मानेचा सैतान मेफिस्टोफिलीस आणि मागच्या आरशात पाहावे तर मान खाली घातलेली मार्गारेटा. जर्मन कवी गटे याच्या फाउस्ट नाटकातली ही दोन पात्रे. आमच्या शाळेतल्या मुलांना नाटकाचे नावही माहीत नसे, पण आरशापुढे उभे राहून ती बराच वेळ पुढे-मागे डोकावत.

मात्र मला स्वतःला त्या मोठ्या वस्तूंपेक्षा लहान वस्तूंचेच नवल अधिक वाटते. बादशहाची सुरी कोणीही राखून ठेवील. पण या माणसाने हातातल्या काठ्या गोळा केल्या. चिनी मातीच्या बशा, प्याले, फुलदाण्या गोळा केल्या. घड्याळे तर किती, उभी, टांगावयाची, खिशातली, पिंजऱ्यातल्या पाखराची. हुक्क्याच्या बिदरी फर्श्या घेतल्या. आणि खेळणी घेतली. शिशाच्या सैनिकांच्या पलटणी, आगगाड्या, बाहुल्या. मुलेबाळे नसलेल्या घरात खेळण्यांनी भरलेली खोली असावी, याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा. मला तरी त्या दालनात फार वेळ उभे राहवत नाही.

वस्तूंबरोबर पुस्तकेही आली. अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची संख्या आठ हजारांहून अधिक आहे. आजोबांच्या वेळेपासूनचा ग्रंथसंग्रह नातवाने वाढविला. कवींना आणि लेखकांना देवडीचा आधार होता, आणि आपल्या घराण्याच्या इतिहासावरील पुस्तके त्यांनी छापवून घेतली. म्हणजे हा मनुष्य केवळ हौशी नव्हता. गेलेल्याची नोंद राहावी ही बुद्धी त्याच्यात होती.

पारख की हव्यास

जाणकार मंडळींचा एक आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. ते म्हणतात, या संग्रहात निवड नाही. उत्तमाच्या शेजारी सामान्य बसले आहे. अस्सल चित्राच्या शेजारी त्याची नक्कल टांगली आहे. जेथे एक वस्तू पुरे होती तेथे पन्नास आहेत. युरोपातल्या कुठल्याही चांगल्या संग्रहालयाने यांतली निम्मी वस्तू कोठारात टाकली असती. एका माणसाच्या आवडीला शिस्त लावणारे कोणी नव्हते. तेव्हा आवड वाहत गेली.

मी गाणे शिकवतो. आमच्या धंद्यात या आक्षेपाचे उत्तर जुनेच आहे. ज्याच्याजवळ बंदिशींचा मोठा साठा असतो त्यास आम्ही कोठीवाला गवई म्हणतो. कोठीवाला नेहमीच उत्तम गातो असे नाही. कित्येकदा मैफलीत तो रंगतही नाही. मोजक्या पाच-पंचवीस रागांवर आयुष्य काढणारा गवई त्यास सहज मागे टाकतो. पण वीस-तीस वर्षांनंतर एखाद्या अनवट रागाचे अंग कसे होते हे विचारावयाचे झाले, तर रंगलेल्या मैफलीचा उपयोग होत नाही, कोठीवाल्याच्या घरी जावे लागते. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील. ते गावोगाव हिंडले, घराणेदार उस्तादांच्या कोठ्यांतल्या शेकडो बंदिशी त्यांनी मिळविल्या, आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत स्वरलिपीसह छापून टाकल्या. त्या काळी त्यांच्यावरही टीका झाली की, यांत चांगले-वाईट सारे एकत्र आले आहे. आज मी वर्गात ती पुस्तके उघडतो तेव्हा त्या टीकाकारांची नावे आठवत नाहीत.

सांगावयाचे ते इतकेच. निवड करणारा आपल्या पिढीपुरता शहाणा असतो. गोळा करणारा पुढच्या पिढीला निवडीची संधी ठेवून जातो. सालारजंगांची पारख डोळस होती की नाही यावर वाद घालता येईल. पण वाद घालावयाला वस्तू जागेवर आहेत, हे त्यांचे ऋण आहे.

मालकाच्या मागे

आता या चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग येतो, आणि तो चरित्रनायकाच्या मृत्यूनंतर घडला आहे.

२ मार्च १९४९ रोजी नवाबसाहेब वारले. साठी गाठावयास तीन महिने कमी होते. दाइरा मीर मोमिन येथे त्यांना मूठमाती मिळाली. वेळ कशी होती ते पाहा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई होऊन निजामाचे राज्य हिंदुस्थानात आले होते; त्याला सहा महिनेही झाले नव्हते. आणखी पाच महिन्यांनी, ऑगस्ट १९४९ मध्ये, जहागिरी खालसा करण्याचा कायदा झाला. शेकडो देवड्यांचे उत्पन्न एका फटक्यात आटले. नाना सांगत, त्या दोन-चार वर्षांत जुमेरात बाजारात काय काय यावयाचे. झुंबरांचे लोलक वजनावर, गालिचे फाडून तुकड्यांवर. ज्या एका देवडीत नाना तरुणपणी तंबोऱ्यावर बसले होते, तिथल्या दिवाणखान्यातला पानदान त्यांनी त्या बाजारात फरशीवर मांडलेला पाहिला. तो घेण्याइतके पैसे खिशात नव्हते. त्यांनी तो हातात घेतला, झाकण उघडून पाहिले आणि परत ठेवला.

अशा दिवसांत दिवाण देवडी बिनमालकाची झाली होती. बायको नाही, मूल नाही. दूरचे-जवळचे नातलग मात्र पुष्कळ, आणि प्रत्येकाचा हक्क आपापल्या परीने खरा. वाटणी झाली असती तर रीतीप्रमाणेच झाली असती. चाळीस हजार वस्तू शंभर घरांत गेल्या असत्या, शंभर घरांतून पाचशे दुकानांत, आणि आज आपण पुण्यात जन्मलेल्या त्या नवाबाचे नावही घेतले नसते.

तसे झाले नाही. सरकारने इस्टेटीची व्यवस्था पाहण्यासाठी एक समिती नेमली. त्या वेळी राज्याचा कारभार पाहणारे वेल्लोडी यांनी संग्रह एकत्र ठेवून लोकांस दाखवावयाचे मनावर घेतले. डॉक्टर जेम्स कझिन्स या आयरिश कवी आणि कलासमीक्षकाने त्या पसाऱ्याची मांडणी केली. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालय उघडले. ज्या दारातून व्यापारी आत जात त्या दारातून आता शाळेची मुले जाऊ लागली.

पण मालकीचा प्रश्न तसाच होता. तो सुटला १९५८ च्या अखेरीस. वारसांनी तडजोड केली आणि संग्रह राष्ट्रास दिला. पुढल्या वर्षी उच्च न्यायालयाने त्या तडजोडीवर हुकूमनामा केला. १९६१ साली संसदेने कायदा करून संग्रहालयास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले. १९६८ साली सारा संग्रह मुसीकाठच्या आजच्या इमारतीत आला. दिवाण देवडी पुढे पाडली गेली. आज तेथे दुकानांची गर्दी आहे आणि जुन्या कमानी तेवढ्या उभ्या आहेत. घर गेले, सामान राहिले. बहुतेक ठिकाणी याच्या उलट होते.

वारसांची नावे कुणाच्या तोंडी नाहीत. संग्रह करणाऱ्याची कीर्ती झाली, सोडून देणाऱ्यांची झाली नाही. पण मला वाटते, पस्तीस वर्षे वस्तू घेत राहणे हे जितके अवघड, तितकेच हाती आलेली वस्तू एका दिवशी सोडणे अवघड आहे. या चरित्रात त्यांचाही वाटा आहे.

पुण्याचा दुसरा वेडा

पुणे म्हटले म्हणजे येथे आणखी एका संग्राहकाचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. दिनकर गंगाधर केळकर (१८९६ ते १९९०), अज्ञातवासी या नावाने कविता लिहिणारे. घरचा धंदा चष्म्यांचा. त्यांच्याजवळ जहागीर नव्हती. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमविण्यास आरंभ केला आणि गावोगाव हिंडून त्यांनी गोळा केले ते आपल्या घरातलेच सामान. दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, कोरीव दरवाजे, वाद्ये. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला; त्याचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले, आणि १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला.

एकाने तान्हेपणी बाप गमावला, दुसऱ्याने लहानगा मुलगा. एकाने जगभरातून मागविले, दुसऱ्याने माजघरातून वेचले. एकाला दारात बसून वस्तू मिळाल्या, दुसऱ्याने दारोदार जाऊन मिळविल्या. तरीही दोघांच्या दालनांतून हिंडताना मला सारखाच भास होतो, की कुणीतरी येथे रिकामी राहिलेली एक जागा आयुष्यभर भरीत बसला होता. आणि ती भरली नाही म्हणूनच आपल्याला एवढे पाहावयास मिळाले.

डबा

आता थोडे माझे स्वतःचे सांगावयाचे आहे. ते सांगण्यास मला संकोच वाटतो, पण त्यावाचून हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

नाना गेल्यावर दोन वर्षांनी आम्ही शालीबंड्याचे घर सोडले आणि सदनिकेत राहावयास आलो. सामान निम्मे करावयाचे होते. माळ्यावर एक लाकडी पेटी होती, तीत कागद होते. मी वरवर पाहिले. जुनी वर्तमानपत्रे, रेडिओच्या कराराचे कागद, घरभाड्याच्या पावत्या. दारावर रद्दीवाला उभा होता, खाली सामानाची गाडी उभी होती. मी पेटीतले सारे रद्दीत दिले. चौथ्या दिवशी आईने विचारले की, नानांच्या तीन वह्या कोठे ठेवल्या आहेत. त्या वह्या पावत्यांच्या खाली होत्या. गुरूंनी सांगितलेल्या बंदिशी, काही उर्दू लिपीत, काही मोडीत, काही बाळबोध; कुठल्या मैफलीत कोणाकडून ऐकली याच्या समासातल्या नोंदी. मी रद्दीवाल्याचे दुकान गाठले. वखारीतून माल पुढे गेला होता.

आई मला काही बोलली नाही. तिने नानखटाईचा डबा आपल्या खोलीत नेऊन ठेवला, एवढेच.

दरबारी गवयाचा मुलगा, गाण्याचा मास्तर, आणि त्याच्या हातून हे झाले. चाळीस हजार वस्तू वाचविणाऱ्या शहरात तीन वह्या वाचल्या नाहीत. पुष्कळ दिवस मी संग्रहालयाच्या रस्त्याने जाणेही टाळीत असे. मग हळूहळू कळले की, टाळून वह्या परत येणार नाहीत. नानांकडून जे माझ्या गळ्यात उतरले आहे ते लिहून काढावयास मी बसलो. आजवर साठ-पासष्ट बंदिशी झाल्या. मूळ वह्यांत त्याच्या तिप्पट तरी असतील. ज्या अर्धवट आठवतात त्या अर्धवटच लिहिल्या आहेत. मनाने पुऱ्या केल्या नाहीत.

गेल्या सुट्टीत मी माझ्या चार विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा सालारजंगला गेलो. शुक्रवार सोडून कुठल्याही दिवशी दुपारी बाराच्या आत तेथील घड्याळापुढे जागा धरावी लागते. कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी यांचे ते घड्याळ. आत एक चिमुकला लोहार ऐरणीवर हातोडा मारीत सेकंद मोजतो. तास भरत आला की दार उघडून एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो, जितके वाजले असतील तितके टोल देतो आणि आत जातो. बाराला बारा. पुढे बसलेली माणसे दर तासाला नवी असतात आणि दर तासाला सारखीच स्तब्ध होतात. नाना मला टोलाचा स्वर ओळखावयास सांगत. मी विद्यार्थ्यांना तेच सांगितले. चौघांनी चार स्वर सांगितले, आणि मग खालच्या जिन्यापर्यंत भांडण चालले.

परत येताना त्यांना एक काम लावून दिले. आपापल्या घरी असा जो डबा, पेटी, बटवा, फडताळाचा कोपरा असेल तो उघडावयाचा. त्यातल्या प्रत्येक वस्तूपुढे कोणाची, कोठून आली आणि केव्हा, हे घरातल्या सर्वांत वडील माणसास विचारून लिहावयाचे. वाचकांनाही माझी तीच विनंती आहे. आजीची मण्यांची तोरणे, रुखवतातली चित्रे, करंज्यांचे कातणे, आजोबांची दौत, हाली सिक्का. यांतले काही मोलाचे नसेल. पण ते सांगू शकणारे माणूस घरात आहे तोवरच त्याला नाव आहे. नवाबांच्या वस्तूंना समिती मिळाली, कझिन्स मिळाले, कायदा मिळाला. आपल्या वस्तूंना आपणच आहोत.

आईने डबा मला गेल्या दिवाळीत परत दिला. त्यात आता पूर्वीच्या वस्तूंबरोबर एक नवी वही आहे. नानखटाई वेगळ्या डब्यात भरली.